झुरळांचा बंदोबस्त : घर एकाचे, काम साऱ्या इमारतीचे

पनवेलच्या गृहिणीला पावसाळ्याच्या तोंडावर एक नकोसा पाहुणा हमखास भेटतो. जूनच्या सरी कोसळू लागतात, गटारे तुडुंब वाहू लागतात आणि मोरीच्या जाळीतून लांब मिशांची तांबूस झुरळे वर येतात. रात्री दिवा लावताच ती ओट्याखाली पसार होतात. एखादे चपलेखाली सापडते, बाकीची सुखरूप राहतात. दुसऱ्या दिवशी फवारणीचा डबा आणला जातो, चार-आठ दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. असे का घडते आणि त्यावर टिकाऊ उपाय कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पनवेलमध्ये घरांचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. येथे १८५२ पासून नगरपालिका होती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या जुन्या गावात लाकडी तुळयांची, पोटमाळ्यांची घरे आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे अशा वसाहती उभ्या राहिल्या. तेथे एकावर एक घरे आणि त्या सर्वांना जोडणारे सांडपाण्याचे नळ असतात. जुने घर झुरळाला लाकडातील फटी आणि अडगळ देते; नवी इमारत त्याला एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा बंदिस्त रस्ता देते.

शत्रूची ओळख

घरात दिसणारी सर्व झुरळे एक जातीची नसतात आणि उपाय योजताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. मोरीतून येणारे मोठे, तांबूस झुरळ शास्त्रज्ञांच्या भाषेत अमेरिकन झुरळ म्हणून ओळखले जाते. नाव अमेरिकन असले तरी त्याचे मूळ आफ्रिकेत आहे. त्याची लांबी साधारणपणे ३५ ते ४० मिलिमीटर असते आणि गटार, चेंबर, दमट तळघर ही त्याची खरी वस्ती होय. त्याची मादी शेंगेच्या दाण्याएवढी गडद तपकिरी अंडपेटी कोपऱ्यात किंवा रद्दीमागे चिकटवते. एका पेटीत सुमारे १४ ते १६ अंडी असतात.

दुसरे झुरळ लहान, फिकट तपकिरी, १२ ते १५ मिलिमीटर लांबीचे असते. डोक्यामागील ढालीवर दोन काळसर उभ्या रेघा ही त्याची खूण. हे जर्मन झुरळ. ते गटारातून सहसा येत नाही. ओट्याच्या कपाटात, शीतकपाटाच्या मोटारीजवळ, मिक्सरखाली, दरवाजांच्या बिजागरीत ते वस्ती करते. बाजारातून आलेली पुठ्ठ्याची खोकी आणि जुने सामान यांतून त्याचा घरात प्रवेश होतो. त्याची मादी ३० ते ४० अंड्यांची पेटी, पिल्ले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत, आपल्या शरीरालाच धरून वागवते. उबदार स्वयंपाकघरात पिल्लू दोन-तीन महिन्यांत प्रौढ होते. एका मादीची शेकडो कशी होतात, याचा हिशेब यावरून सहज करता येतो. या झुरळाचे नावही फसवे आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात १७ देशांतील २८१ झुरळांचा अभ्यास करण्यात आला. त्यानुसार हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून निर्माण झाले आणि माणसाच्या सोबतीने जगभर पसरले.

नुसती किळस नव्हे

झुरळ पाहून किळस येते, एवढ्यावरच पुष्कळ लोक थांबतात. प्रत्यक्षात प्रश्न आरोग्याचा आहे. गटारात फिरून आलेले झुरळ तेच पाय ताटावर, पोळीच्या डब्यावर ठेवते. साल्मोनेलासारखे आतड्याचे विकार घडविणारे जंतू झुरळांच्या अंगावर आणि विष्ठेत आढळले आहेत.

याहून कमी ठाऊक असलेला धोका दम्याचा आहे. झुरळाची विष्ठा, लाळ आणि कात यांची धूळ होऊन ती अंथरुणात व हवेत मिसळते. झुरळांमुळे ॲलर्जी होते, हे १९६४ मध्ये प्रथम दाखवून देण्यात आले. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या दाट वस्त्यांतील दमेकरी मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळाची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या निजण्याच्या खोलीत या धुळीचे प्रमाणही अधिक होते, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण इतर मुलांच्या तिपटीहून अधिक आढळले. झुरळे मेल्यावरही ही धूळ कित्येक महिने घरात राहते. म्हणून झुरळे नष्ट केल्यानंतर कपाटे साबणाच्या पाण्याने पुसणे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुणे हा बंदोबस्ताचाच भाग समजला पाहिजे.

फवारणी का फसते

फवारणीने समोरची झुरळे मरतात. परंतु अंडपेटीच्या कठीण कवचातून औषध सहसा आत जात नाही. काही आठवड्यांनी नवी पिल्ले बाहेर येतात आणि औषध बनावट होते असा समज होतो. शिवाय घरगुती फवाऱ्यातील बहुतेक औषधे झुरळांना हुसकावणारी असतात. वाचलेली झुरळे नळांच्या कडेने शेजारच्या घरात जातात आणि शेजाऱ्याने फवारले की परत येतात.

तिसरे कारण झुरळाच्या अंगी असलेली जुळवून घेण्याची शक्ती. तेच औषध वारंवार वापरल्यास तग धरणारी झुरळे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. गोड आमिषाच्या बाबतीतही हा अनुभव आला. काही जर्मन झुरळे ग्लुकोज टाळू लागल्याचे १९९३ मध्ये उघड झाले. त्यांच्या जिभेला ग्लुकोज कडू लागते, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले.

पाणी, अन्न आणि फट

तेव्हा झुरळाला मारण्याआधी त्याचे जगणे अवघड करावे. अन्न व पाणी दोन्ही तोडल्यास जर्मन झुरळाची मादी सुमारे दोन आठवड्यांत मरते. केवळ पाणी मिळाले तर ती महिन्याहून अधिक काळ तग धरते. म्हणून पहिला घाव पाण्यावर घालावा. गळका नळ दुरुस्त करावा, रात्री ओटा व मोरी कोरडी पुसावी, शीतकपाटाखालच्या तबकात पाणी साचू देऊ नये. खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत. पीठ, साखर, बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यांत असावीत. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे.

दुसरा घाव फटींवर. २०१६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी दाखवून दिले की, अमेरिकन झुरळ अंग चपटे करून अवघ्या ३ मिलिमीटरच्या फटीतून जाऊ शकते. नळ भिंतीत शिरतो तेथील भोक, ओट्याच्या फरशीचे सांधे, चौकटीमागील पोकळी सिमेंटने किंवा लांबीने बुजवावी. मोरीला बारीक जाळी असावी. न्हाणीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात साठलेले पाणी हेच गटार आणि घर यांमधील दार असते. महिनाभर बंद असलेल्या घरात ते आटते आणि झुरळांना वाट मोकळी होते. अशा न्हाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्याची सोय केल्यास फार मोठा त्रास टळतो.

आमिष आणि सावधगिरी

यानंतर औषधाची पाळी येते. स्वयंपाकघरासाठी फवाऱ्यापेक्षा आमिष अधिक उपयुक्त ठरते. बाजारात मिळणारी आमिषाची जेल बिजागरीजवळ, कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात मसुरीएवढ्या ठिपक्यांनी लावावी. विषबाधा झालेल्या झुरळाची विष्ठा आणि मृत शरीर खाऊन इतर झुरळेही मरतात. जेल लावलेल्या जागी फवारणी मात्र करू नये. तिच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. बोरिक पावडर, कणीक व थोडी साखर यांच्या गोळ्या हा जुना उपाय आजही चांगला आहे. तो सावकाश काम करतो, हे ध्यानात ठेवून धीर धरावा.

बोरिक पावडरही विषच आहे. रांगत्या मुलाच्या किंवा पाळीव प्राण्याच्या तोंडी ती गोळी जाणार नाही, अशाच जागी ठेवावी. झुरळांसाठीचा औषधी खडू मुलांच्या दप्तरातील खडूसारखाच दिसतो. तो कुलपात असावा. कीटकनाशक कधीही पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल म्हणजे अतितीव्र विष, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. धान्याच्या कोठारात वापरावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने देशात निजलेल्या माणसांचे प्राण गेले आहेत. झुरळाच्या त्रासापायी जिवाची किंमत कोणी मोजू नये. व्यावसायिक फवारणी करून घ्यावयाची असल्यास १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील परवाना असलेल्या व्यक्तीलाच काम द्यावे आणि कोणते औषध वापरले ते लिहून घ्यावे.

एक इमारत, एक दिवस

एवढे सगळे एका घराने केले आणि शेजारच्या चार घरांनी केले नाही, तर यश अपुरेच राहते. गटाराचा नळ सामाईक, चेंबर सामाईक, कचऱ्याची जागा सामाईक. मग बंदोबस्त तेवढा वेगवेगळा कसा चालेल? सहकारी गृहनिर्माण संस्थेने पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवावा. त्या दिवशी चेंबर साफ करून फुटकी झाकणे बदलावीत, वायुवाहक नळांना जाळ्या बसवाव्यात आणि सर्व घरांत एकाच वेळी आमिष ठेवावे. चिकट कागदाचे सापळे प्रत्येक मजल्यावर ठेवून दर आठवड्याला सापडलेली झुरळे मोजावीत. उपाय लागू पडतो की नाही, हे त्या आकड्यावरून कळते. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी तीन-चार आठवड्यांनी हीच फेरी पुन्हा करावी. वाडा असो वा चाळ, हाच क्रम तेथेही लागू पडतो.

यासाठी लागणारा खर्च थोडा आहे. लागते ती शेजाऱ्यांची एकवाक्यता. एका घरी धापा टाकणारे दमेकरी मूल असते आणि त्याच्या खोलीतली धूळ वरच्या मजल्यावरून उतरलेल्या झुरळांची असू शकते. हे ध्यानात घेतले म्हणजे आपला ओटा कोरडा ठेवणे ही शेजारच्या मुलाचीही सेवा ठरते. पहिल्या पावसाच्या आत पनवेलच्या प्रत्येक इमारतीने आपले चेंबर उघडून पाहावे. कामाचा प्रारंभ तेथूनच व्हावा.