लेखकाच्या पाठीशी कोण?

(संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात झालेले भाषण)



सकाळच्या बैठकीत गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक झाले. आता या बैठकीपुढे ग्रंथनिधीचा ठराव यावयाचा आहे. शिष्यवृत्तीच्या फंडास हात न लावता संस्थेच्या शिलकेपैकी काही रक्कम वेगळी ठेवावी व तिच्या व्याजातून लेखकांस साहाय्य करावे, असा त्याचा आशय आहे. मत देण्यापूर्वी या विषयाची पूर्वपीठिका सभासदांपुढे मांडावी, अशी कार्यवाहांची आज्ञा झाल्यामुळे आम्ही उभे आहोत. जेवणानंतरची वेळ व्याख्यात्यास अनुकूल नसते, हे आम्ही जाणतो. तथापि विषय आपल्या सर्वांच्या पैशाचा आहे, तेव्हा थोडे अवधान द्यावे, ही विनंती.

लेखन हे एकट्याचे काम आहे. पुस्तक मात्र एकट्याचे काम नव्हे. कागद, छपाई, बांधणी, विक्री या सर्वांस दुसऱ्याचा हात लागतो. पूर्वी हा हात राजाचा असे. पुण्यात श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती दाभाड्यांपासून चालत आली व पेशव्यांनी ती वाढविली. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने रक्कम कमी करून ती पुढे चालू ठेवली. 1849 साली पुण्यातील काही तरुण ब्राह्मणांनीच सरकारास अर्ज केला की, या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारास द्यावा, व तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. स्वतःच्या जातीच्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची ही तयारी आज आपण हा ठराव करताना विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या मंडळींनी मोठा गहजब केला. परंतु 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि तिच्या बक्षिसांमुळे अनेक भाषांतरे व स्वतंत्र ग्रंथ छापले गेले.

आता याच कमिटीची दुसरी बाजू पाहा. 1855 साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीपुढे ठेवले. एका अशिक्षित कुणबी दांपत्यास ग्रहदशेचे भय घालून कसे नागवले जाते व शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. कमिटीने ते नापसंत केले. तेथील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त (1873) लिहून ठेवले आहे. हे नाटक छापील रूपात वाचकांपुढे यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. म्हणजे नियमाने दार सर्वांस उघडे होते, परंतु दाराशी बसलेली माणसे एकाच घरची होती. निधी कोणासाठी आहे, हा प्रश्न सर्वच विचारतात. निवड कोण करणार, हा प्रश्न त्याहून अवघड आहे व बहुधा तोच विचारावयाचा राहून जातो.

पुढे 1878 साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. आज ज्या साहित्य संमेलनास आपण मांडव, मिरवणूक व अध्यक्षपदाच्या वादांवरून ओळखतो, त्याचा आरंभ तो हाच. परंतु तेव्हाचा हेतू अगदी व्यावहारिक होता : मराठी ग्रंथांचा खप कसा वाढेल, याचा विचार करणे. ग्रंथ विकला गेला नाही, तर दुसरा ग्रंथ निघत नाही, हे त्या दोघांस पक्के ठाऊक होते. 1885 साली दुसरे संमेलन भरण्याच्या सुमारास रानड्यांनी जोतीरावांस निमंत्रण पाठविले व जोतीरावांनी जे उत्तर दिले, ते प्रसिद्ध आहे. शूद्रातिशूद्रांची दुःखे तुमच्या सभांत व पुस्तकांत येत नाहीत, तेव्हा आमचे ग्रंथकार तुमच्यात मिसळू शकत नाहीत, असा त्या पत्राचा रोख होता.

या नकारामागे रिकामा राग नव्हता. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या परिसरात तोवर स्वतंत्र वृत्तपत्र निघाले होते व स्वतंत्र लेखक उभे राहत होते. 1882 साली ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापला गेला, तेव्हा चोहोकडून टीका झाली. तिच्या बाजूने लेखणी उचलली ती जोतीरावांनी. लेखकास पैशाइतकीच, कधी पैशाहून अधिक, गरज असते ती त्याच्या बाजूने उभे राहणाराची. ही मदत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविता येत नाही. म्हणून ती मदतच नव्हे असे खजिनदारांनी समजू नये.

आता पैशाचे बोलू. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूस ठेवून त्याच्या व्याजातून ग्रंथमाला चालविल्या. मूळ रकमेस धक्का न लावण्याची ही रीत आपल्या ठरावातही आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो. पण राजाची गोष्ट आपणांस कितपत लागू पडणार? आपणासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या संस्थेस अधिक जवळचे उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे आहे.

केतकरांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मिळविली. हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासावर त्यांनी तेथेच ग्रंथ लिहिला. स्वदेशी परतल्यावर मराठीत ज्ञानकोश करावयाचा, हा ध्यास त्यांनी घेतला. ना सरकारचा आश्रय, ना संस्थानिकाचा भरवसा. त्यांनी काय करावे? चक्क लिमिटेड कंपनी काढली. ज्ञानकोश मंडळ नागपुरास स्थापन झाले, शेअर विकले गेले, वर्गणीदार नोंदविले गेले आणि ग्रंथ हाती येण्यापूर्वीच सामान्य लोकांनी त्यात पैसा घातला. पुढे कार्यालय पुण्यास आले. 1920 ते 1929 या काळात ज्ञानकोशाचे 23 खंड बाहेर पडले. वकील, शिक्षक, कारकून अशा वाचकांच्या बळावर एवढे काम झाल्याचे दुसरे उदाहरण मराठीत आम्हांस सहसा आढळत नाही.

परंतु याच कथेचा शेवट सुखाचा नाही. खंड कपाटांत गेले. केतकरांनी पुढे कादंबऱ्या लिहिल्या, 1931 साली हैदराबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, आणि 1937 साली आर्थिक विवंचनेतच त्यांचे निधन झाले. वर्गणीदारांनी ग्रंथ पोसला, ग्रंथकार पोसला नाही. वर्गणीदारांचा यात दोष नाही. त्यांनी कबूल केले ते दिले. योजनेतच लेखकाच्या चरितार्थाची तरतूद नव्हती. यास्तव आपल्या ठरावात छपाईच्या खर्चाबरोबर लेखकाच्या मानधनाचे स्वतंत्र कलम असावे. आज आपण लेखकास शाल व श्रीफळ देतो. श्रीफळ दुसऱ्या दिवशी वाटणात जाते, शाल पेटीत जाते, आणि हस्तलिखित होते तेथेच राहते.

1906 साली पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद, 1923 साली विदर्भ साहित्य संघ, 1935 साली मुंबई मराठी साहित्य संघ, 1961 साली या सर्वांस जोडणारे महामंडळ. ही नावे आपणांस परिचित आहेत, म्हणून त्यांच्या इतिहासात शिरत नाही. राज्य स्थापन झाल्यावर 1960 सालीच साहित्य संस्कृती मंडळ निघाले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देण्याची त्याची योजना अनेकांस उपयोगी पडली आहे. आपल्या ज्या तरुण सभासदांपाशी हस्तलिखिते आहेत, त्यांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

मोठ्या संस्थांखेरीज लहान मंडळेही असतात, व आम्हांस ती अधिक प्रिय आहेत. 1923 च्या सुमारास पुण्यात काही कवी रविवारी चहास जमत व एकमेकांस कविता ऐकवीत. त्यातूनच रविकिरण मंडळ झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे आदी कवींना तेथे प्रथम ऐकणारे लाभले, मग मंडळाच्या नावाने संग्रह निघाले. खर्च म्हणावा तर चहाचा. मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेस जे महाविद्यालय स्थापिले व पुढे जे मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आले, त्याच्या परिसरात ज्यांच्या घरी पुस्तकच नव्हते असे विद्यार्थी लिहू लागले. त्याच दशकाच्या अखेरीपासून 1970 पर्यंत मुंबईत व मराठवाड्यात दलित साहित्याची संमेलने व नियतकालिके उभी राहिली. 1958 सालच्या मुंबईच्या संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. औरंगाबादेस गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक दीर्घकाळ चालविले. ज्यांस कोणी बोलाविले नाही, त्यांनी आपले दार आपण केले, आणि त्या दारातून आलेल्या लेखनाने सगळ्या मराठीचे अंगण वाढले.

येथे जमलेल्या भगिनींसाठी आणखी एक उदाहरण सांगतो. बहिणाबाई चौधरी लिहू-वाचू शकत नव्हत्या. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचीत. घरातील मुलांनी त्या टिपून ठेवल्या. 1951 साली त्या निवर्तल्यानंतर पुत्र सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांस दाखविली आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. येथे संस्था कोणती होती? घर. आपल्या किती घरांत आजीच्या ओव्या, सुनांची टिपणे, एखाद्या काकांच्या वह्या रद्दीत गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात येणार नाही. ग्रंथनिधीतून अशा वह्या उतरवून घेण्याची व जतन करण्याची सोय व्हावी, असे आम्ही सुचवितो.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, पैसा ज्ञातीचा आहे, तेव्हा तो ज्ञातीतील लेखकांस व ज्ञातीच्या इतिहासासच मिळावा. या म्हणण्यात काहीच अर्थ नाही असे आम्ही म्हणणार नाही. देणगीदारांनी घासातला घास काढून दिला आहे व आपल्या लोकांचे भले व्हावे, हीच त्यांची इच्छा होती. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती इच्छा पाळली जात आहे व पुढेही पाळली जावी. परंतु शिष्यवृत्ती व ग्रंथ यांत एक भेद आहे. शिष्यवृत्तीचा लाभ मुख्यतः घेणारास होतो. ग्रंथाचा लाभ वाचणारास होतो. एखाद्या परक्या ज्ञातीच्या लेखिकेने लिहिलेला चांगला ग्रंथ आपल्या तीनशे घरांत गेला, तर लाभ कोणाचा झाला? शिवाय, लेखक ज्ञातीचा व विषय ज्ञातीचाच अशी अट घातली की, प्रत्येक वर्षी आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाची एक पोथी येईल, तीत दोष काढण्याचे धैर्य कोणास होणार नाही, आणि आपल्यातील जो लेखक आपलेच दोष दाखवील, त्याचे हस्तलिखित ‘तृतीय रत्ना’प्रमाणे परत जाईल.

यास्तव आम्ही तीन दुरुस्त्या लेखी दिल्या आहेत. निवड समितीत निदान दोन परीक्षक संस्थेबाहेरचे असावेत व त्यांत एक स्त्री असावी. साहाय्य मिळालेल्या ग्रंथाच्या काही प्रती संस्थेने रोखीने विकत घेऊन सभासद-कुटुंबांस द्याव्यात. फुकट मागू नयेत. आणि ठरावाच्या चौथ्या कलमात ‘लेखक’ या शब्दाच्या आधी ‘ज्ञातीतील’ असा जो शब्द आहे, तो गाळावा. पहिल्या दोन दुरुस्त्यांस कार्यकारी मंडळाची संमती असल्याचे समजते. तिसरीवर मतदान व्हावयाचे आहे.