गोल राखणारे शंकर लक्ष्मण



मागच्या खेपेस आपण हॉकीच्या एका सामन्याची हकीकत वाचली. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका दादांनी विचारले, "गुरुजी, गोल मारला त्याचं नाव आलं. पण आपल्यावर गोल होऊ दिला नाही, तो कोण?" मला तेव्हा नीट सांगता आले नाही. आज सांगतो.

त्यांचे नाव शंकर लक्ष्मण.

जन्म ७ जुलै १९३३, महू येथे. महू म्हणजे इंदूरजवळची लष्करी छावणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मही तिथलाच. जवळच्या कोदरिया गावाच्या फुटबॉल संघाचे शंकर हे कप्तान होते. १९४७ साली ते सैन्यात गेले. वय असेल चौदाच्या आसपास. बंदूक घेऊन नव्हे हो, बँडमध्ये, वाजविणारा म्हणून! पलटण मिळाली ती मात्र आपली, मराठा लाइट इन्फंट्री. तिचे मुख्य ठाणे बेळगावला आहे. तिथे ते हॉकी खेळू लागले आणि गोलात उभे राहिले.

आता गोलात उभे राहणे म्हणजे काय? बारा फूट रुंद आणि सात फूट उंच अशी चौकट. तिच्यापुढे एकटा माणूस. चेंडू दगडासारखा कठीण, वजन सुमारे १६० ग्रॅम, आणि येतो गोफणीतून सुटल्यासारखा. आजचे गोलरक्षक डोक्याला टोप आणि छातीला चिलखत घालतात. त्या काळी पायांना पॅड आणि हातांत मोजे, एवढेच. तोंड उघडे.

तुम्ही नागलीच्या राखणीला माळ्यावर बसता ना? रात्रभर जागलात आणि डुक्कर आले नाही, तर सकाळी कोणी शाबासकी देत नाही. एक रात्र डोळा लागला, की सारे घर बोलते. गोलरक्षकाचेही तसेच.

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने सुवर्णपदक मिळविले. आपण ३८ गोल केले, आपल्यावर एकही झाला नाही. अंतिम सामना पाकिस्तानशी होता, तो १-० असा जिंकला. त्या संघात शंकर लक्ष्मण होते. पुढे १९६० साली, रोमला, पुन्हा तीच गाठ पडली. या वेळी एक गोल आत गेला, आणि १९२८ पासून सतत आपल्याकडे असलेले सुवर्णपदक गेले. एकच गोल! चार वर्षे तो मनात किती सलला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

मग आले १९६४. टोकियो. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. मोहिंदर लाल यांनी आपला गोल केला. हाच आपण वाचलेला सामना. त्यानंतर पाकिस्तानचे हल्ल्यांमागून हल्ले आले. लक्ष्मण यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका हॉकी मासिकाने लिहिले, की त्यांना तो चेंडू फुटबॉलएवढा दिसत असला पाहिजे. कोदरियाचा फुटबॉल असा कामी आला म्हणायचा!

१९६६ साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत ते भारताचे कप्तान होते. तिथेही पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक आणले. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, पद्मश्री दिली.

१९६८ च्या ऑलिंपिक संघात मात्र त्यांची निवड झाली नाही. त्यांनी हॉकी सोडली. मला विचाराल तर एवढ्या माणसाला याहून बऱ्या रीतीने निरोप देता आला असता. पलटणीची नोकरी त्यांनी सोडली नाही. १९७९ साली निवृत्त झाले, तेव्हा बँडमधला तो पोरगा कॅप्टन झाला होता.

शेवट सांगायला जड जाते. ज्या पायांनी चेंडू अडविले, त्यांतला एक पाय सडू लागला. डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. त्यांनी निसर्गोपचार करून पाहिले. २९ एप्रिल २००६ रोजी महूलाच ते वारले. (आपल्याकडेही पायाची जखम पाला बांधून महिनामहिना अंगावर काढतात. दवाखान्यात लवकर जा, बाबांनो.)

दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. आता ते नाव फळ्यावर लिहितो. 'लक्ष्मण' मधले 'क्ष्म' हे जोडाक्षर अवघड आहे. घाई करू नका. पाटी घ्या, आधी 'क्ष' काढा.