घास अडतो तेव्हा
(लातूर येथील कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



भाकरीचा घास छातीत अडतो, पुढे पाणीही उतरत नाही. रात्री आडवे होताच खाल्लेले तोंडात येते. असा रुग्ण बहुधा पित्ताच्या गोळ्याच घेत राहतो. हा विकार ‘अकॅलेशिया’ असू शकतो. अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना सैल होत नाही, कारण तेथील मज्जापेशी नष्ट झालेल्या असतात. त्या परत आणणारे औषध नाही. उपचार केवळ वाट मोकळी करतात.

प्रथम दुर्बिणीने पाहून कर्करोगाची शंका फेडावी. पक्के निदान मॅनोमेट्रीने, म्हणजे नलिकेतील दाब मोजून होते.

बोटॉक्सच्या इंजेक्शनचा गुण बहुधा वर्षभरही टिकत नाही. ते अतिवृद्ध, दुर्बल रुग्णांपुरते ठीक. फुग्याने झडप ताणता येते, पण ते पुन्हा करावे लागू शकते आणि क्वचित नलिका फाटते. जर्मनीच्या हेलर यांनी १९१३ मध्ये झडपेचा स्नायू छेदला; ती शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते. जपानच्या इनोउए यांनी २००८ मध्ये हेच तोंडावाटे साधले. त्या ‘पोएम’मध्ये पोटावर छेद नाही, मात्र नंतर आम्लपित्त अधिक संभवते. नवे म्हणून तेच घ्यावे, असे नाही.

डॉ. अशोकराव कुकडे व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये लातुरात विवेकानंद रुग्णालय उभारले. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णाला तेथवर नेणारे कोणी हवे. पंगत टाळणारी, वाळत चाललेली एखादी माउली वस्तीत दिसली, तर विचारा: घास अडतो का? पाणीसुद्धा?