दूषित स्थळांची स्वच्छता आणि लहान कंत्राटदारांची पात्रता



२०१० च्या प्रारंभी दिल्लीतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ वापराविना पडून असलेले एक उपकरण लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. विकणाऱ्यांच्या लेखी ते निरुपयोगी लोखंड होते, घेणाऱ्यांच्या लेखी शिसे आणि पोलाद. दुकानात त्याचे जाड आवरण काढण्यात आले आणि आतील कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या कांड्या उघड्या पडल्या. एप्रिलमध्ये कामगार आजारी पडू लागले, तेव्हा या आजारामागे किरणोत्सार असल्याचे लक्षात आले. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेकांना उपचार घ्यावे लागले. आंतरराष्ट्रीय अणुघटना मापनश्रेणीवर या घटनेची नोंद चौथ्या स्तरावर झाली.

त्यानंतर अणुऊर्जा नियामक मंडळ, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्या तज्ज्ञांनी त्या परिसराचा शोध घेऊन किरणोत्सारी तुकडे सुरक्षितपणे हलविले. एकाच पदार्थाला दोन प्रकारच्या माणसांचे हात लागले. पहिल्या हातांना आपण काय उचलत आहोत हे ठाऊक नव्हते; दुसऱ्या हातांना ते ठाऊक होते, शिवाय किती वेळ, किती अंतरावरून आणि कोणत्या आवरणाआडून काम करायचे याचेही प्रशिक्षण होते. 'पात्रता' या रूक्ष प्रशासकीय शब्दाचा खरा अर्थ या दोन हातांमधील अंतरात आहे.

प्रश्नाची व्याप्ती

घातक पदार्थांनी दूषित झालेल्या जागांचे भारतीय कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. हा भेद परीक्षार्थींनी नीट लक्षात ठेवावा. रासायनिक घातक कचऱ्यासाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील २०१६ चे घातक व इतर कचरा नियम आहेत. किरणोत्सारी कचरा या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. त्याचे नियमन अणुऊर्जाविषयक कायद्याखाली होते आणि १९८७ चे किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम व २००४ चे प्रारण संरक्षण नियम त्याच प्रवाहातले आहेत. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ या क्षेत्राचे नियंत्रण करते. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला आणि त्यात या मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद केली.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यावी, राज्य मंडळाने प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करावी, तज्ज्ञ संस्थेने उपचाराचा आराखडा तयार करावा आणि प्रदूषणास जबाबदार असणाऱ्याकडून खर्च वसूल करावा, असा हा क्रम आहे. किरणोत्सारी कचऱ्याने झालेले दूषण या नियमांतूनही वगळले आहे. नियम आले त्या वेळी देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली होती, पण प्रत्यक्ष उपचार केवळ ७ ठिकाणी सुरू झाले होते.

या दोन आकड्यांमधील तफावतीमागे पैसा आणि न्यायालयीन वाद आहेतच. परंतु आणखी एक साधा प्रश्नही आहे. हे काम करणार कोण?

लहान कंत्राटदार का हवेत?

दूषित जागेचे काम म्हणजे केवळ भट्टी आणि प्रयोगशाळा नव्हे. कुंपण घालणे, मातीचे नमुने घेण्यासाठी खड्डे खणणे, पावसाचे पाणी वळविण्यासाठी चर काढणे, दूषित माती पिंपांत व पिशव्यांत भरणे, वाहतूक करणे, स्वच्छ माती टाकून जागा पूर्ववत करणे अशी अनेक कामे त्यात असतात. देशभर विखुरलेल्या स्थळांवर ही कामे मोजक्या मोठ्या कंपन्या आपल्या माणसांकरवी करतील, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. मोठ्या कंपनीला कंत्राट मिळाले तरी फावडे बहुधा स्थानिक उपकंत्राटदाराच्या मजुराच्याच हाती असते. म्हणून लहान कंत्राटदाराला या क्षेत्रात येऊ द्यावे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. तो येथे आहेच. तो नोंदलेला, प्रशिक्षित आणि उत्तरदायी असावा की अदृश्य राहावा, एवढाच निर्णय धोरणाच्या हाती आहे.

येथे दोन न्याय्य मागण्या परस्परांसमोर उभ्या राहतात. सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतील किमान २५ टक्के वाटा या उपक्रमांकडून घ्यावयाचा आहे. २०१८ पूर्वी हे प्रमाण २० टक्के होते. हे धोरण मुख्यतः वस्तू व सेवांच्या खरेदीसाठी आहे. पूर्वानुभव व उलाढालीच्या अटी अशा उपक्रमांसाठी शिथिल करता येतात, मात्र गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण व्हावे लागतात. सार्वजनिक सुरक्षितता आणि आरोग्य यांच्याशी निगडित खरेदीत पूर्वानुभवाचा आग्रह धरण्याची मुभाही शासनाने ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे.

परिणामी नवा उद्योजक कोंडीत सापडतो. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. अट सरसकट शिथिल केली, तर धोका मजुराच्या शरीरावर आणि वस्तीच्या विहिरीवर जातो. ती ताठर ठेवली, तर लहान उद्योजक मागील दाराने, अनोंदित उपकंत्राटदार म्हणून येतो आणि धोका तेथेच राहतो.

पात्रतेची अंगे

या कोंडीतून वाट काढण्यासाठी पात्रता म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागेल. निविदेत सहसा उलाढाल आणि पूर्वी केलेल्या कामांचे मूल्य विचारले जाते. ही पैशाची मापे आहेत. दूषित जागेवर पाच वेगळ्या गोष्टींना महत्त्व असते.

पहिली गोष्ट माणसांची. प्रत्येक कामगाराचे प्रशिक्षण, कामापूर्वीची व नंतरची वैद्यकीय तपासणी आणि किरणोत्साराच्या ठिकाणी वैयक्तिक मात्रेची नोंद आवश्यक असते. भारतात प्रारण क्षेत्रातील कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. आज येथे आणि उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराची मात्रा त्याच्याबरोबर नोंदवहीत प्रवास करीत नसेल, तर ही मर्यादा कागदावरच राहते.

दुसरी गोष्ट साधनांची: योग्य श्वसनरक्षक, संरक्षक पोशाख आणि अचूकता तपासलेली मापनयंत्रे. तिसरी कार्यपद्धतीची: दूषित, मधला आणि स्वच्छ असे विभाग आखणे आणि एकातून दुसऱ्यात जाताना माणसे व यंत्रे धुऊन घेणे. चौथी नोंदींची: घातक कचरा जागेवरून निघून विल्हेवाट केंद्रात पोहोचेपर्यंत त्याचे वाहतूकपत्र प्रत्येक टप्प्यावर भरलेले असणे. पाचवी आर्थिक जबाबदारीची: विमा, हमी आणि अपघात झाल्यास भरपाईची क्षमता.

या पाचांपैकी पहिल्या चार गोष्टी लहान संस्थेला शिकता येतात. पाचवी मात्र तिच्या एकटीच्या आवाक्यात नसते.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेने या प्रश्नाचा सामना आधी केला. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथे रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या वस्तीचे प्रकरण गाजल्यानंतर १९८० मध्ये तेथे दूषित स्थळांच्या स्वच्छतेचा कायदा झाला. तो 'सुपरफंड' या नावाने ओळखला जातो. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात तीन महत्त्वाच्या गोष्टी आणल्या.

एक, स्वच्छता कामगारांच्या संरक्षणासाठी नियम करण्याचा आदेश. त्यानुसार दूषित जागेवर नियमित काम करणाऱ्याला ४० तासांचे प्रशिक्षण, अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली ३ दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव आणि दरवर्षी ८ तासांची उजळणी आवश्यक ठरली. कंपनी मोठी असो वा लहान, नियम एकच. दोन, या प्रशिक्षणासाठी सार्वजनिक निधी, जो ना-नफा संस्थांमार्फत कामगारांपर्यंत पोहोचतो. तीन, स्वच्छतेचे काम करणाऱ्या कंत्राटदाराला, त्याचा निष्काळजीपणा नसेल तर, आधीच झालेल्या प्रदूषणाच्या दायित्वातून संरक्षण.

तिसऱ्या तरतुदीचा हेतू समजून घेण्यासारखा आहे. दुसऱ्याने टाकलेले विष उचलणाऱ्यावर त्या विषाचे संपूर्ण दायित्व लादले, तर दोनच प्रकारचे लोक पुढे येतात: अतिशय श्रीमंत किंवा गमावण्यासारखे काहीच नसलेले.

अण्वस्त्रनिर्मितीच्या वारशाची स्वच्छता तेथील ऊर्जा विभागाकडे आहे. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे १७७ भूमिगत टाक्यांमध्ये किरणोत्सारी कचरा साठविला गेला. अशा ठिकाणी मुख्य कंत्राट मोठ्या संस्थांकडे असते. लहान संस्था बव्हंशी उपकंत्राटदार म्हणून प्रवेश करतात आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तयार करावे यासाठी विभागाची मार्गदर्शक-शिष्य योजना आहे. लघुउद्योगांना कंत्राटाची हमी मिळविणे सुलभ व्हावे म्हणून संघराज्य शासन हमीदारास अंशतः संरक्षण देते. अपेक्षांची पट्टी खाली न आणता तेथपर्यंत पोहोचण्यासाठी शिडी द्यावी, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे. सर्वच स्थळे वेळेत स्वच्छ झाली, असे अमेरिकेलाही म्हणता येत नाही. मात्र हे सूत्र अनुकरणीय आहे.

भारतासाठी दिशा

किरणोत्सारी दूषणाची स्वच्छता भारतात शासकीय तज्ज्ञ संस्थांच्या हाती आहे आणि तेथे खासगी लहान कंत्राटदाराचे स्थान तज्ज्ञांच्या देखरेखीखालील साहाय्यकाचेच असू शकते. रासायनिक दूषित स्थळांच्या बाबतीत मात्र पायरीपायरीची नोंदणी विचारात घेण्याजोगी आहे. पहिल्या पायरीवर दूषित क्षेत्राबाहेरील कामे, दुसऱ्या पायरीवर पात्र संस्थेच्या देखरेखीखाली खोदाई व भरणा, आणि निर्दोष नोंदीनंतर तिसऱ्या पायरीवर लहान स्थळाचे स्वतंत्र काम. देखरेखीखालील कामाचे तास हाच पूर्वानुभव मानला, तर कोंडी फुटते.

दुसरा मुद्दा दराचा. सर्वांत कमी दराला काम देण्याच्या पद्धतीत प्रथम कात्री लागते ती सुरक्षिततेला. श्वसनरक्षकाची गाळणी वेळेवर न बदलण्यात जी बचत होते, ती निविदेत दिसत नाही, फुप्फुसात दिसते. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय खरेदीविषयक सूचनांनी गुणवत्ताप्रधान कामांत गुणवत्तेला कमाल ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्यास वाव दिला आहे. त्याचा उपयोग येथे व्हावा आणि सुरक्षिततेचा खर्च दराच्या स्पर्धेबाहेर, स्वतंत्र बाब म्हणून दाखविला जावा.

तिसरा मुद्दा देयकाचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार अशा पुरवठादाराचे देयक कमाल ४५ दिवसांत अदा व्हावयास हवे. देयक रखडले की लहान कंत्राटदार यंत्राचे भाडे चुकवू शकत नाही, पण मजुराचे हातमोजे चुकवू शकतो. वेळेवर मिळणारे देयक हे म्हणून सुरक्षिततेचेही साधन आहे.

भोपाळचा धडा

डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळच्या कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन घातक कचरा हलविण्यास चार दशके लागली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ मधील आदेशानंतर, १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंदिस्त वाहनांतून तो सुमारे २५० किलोमीटरवरील पीथमपूर येथे नेण्यात आला. कचरा भरणाऱ्या कामगारांच्या पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठेवण्यात आल्या होत्या. पीथमपूरमध्ये नागरिकांनी तीव्र विरोध केला. न्यायालयीन देखरेखीखाली प्रथम ३० टनांची चाचणी झाली आणि जून २०२५ अखेर उर्वरित कचऱ्याचे ज्वलन पूर्ण झाले. कारखान्याच्या परिसरातील माती व भूजलाचे दूषण हा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

अर्ध्या तासाची पाळी आणि पीथमपूरचा विरोध ही या प्रकरणातील दोन बोलकी दृश्ये आहेत. योग्य पद्धतीने काम करण्याचे ज्ञान देशात आहे, हे पहिले दृश्य सांगते. त्या ज्ञानावर लोकांचा विश्वास अद्याप बसलेला नाही, हे दुसरे. पात्रतेची व्यवस्था उघड, तपासता येण्याजोगी आणि सर्वांना समान असेल, तरच तो विश्वास निर्माण होईल.

मित्रहो, प्रशासनात जाणाऱ्यांच्या टेबलावर एखाद्या दिवशी अशा कामाची निविदा येईल. तिच्यातील पात्रतेच्या अटी वाचताना कंत्राटदाराच्या उलाढालीबरोबरच आणखी एक प्रश्न विचारला जावा: मायापुरीच्या त्या दुकानातील कामगार या अटींखाली कामावर असता, तर तो वाचला असता काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या अटी योग्य आहेत, मग कंत्राटदार कितीही लहान असो.