फुलपाखराचा केक
(महिला मंडळाच्या कार्यक्रमातील भाषणातून)

मैत्रिणींनो, आकाराच्या केकसाठी साचा विकत घेऊ नका. 8 इंची गोल केक मधोमध कापा, दोन्ही तुकड्यांच्या गोल बाजू एकमेकींना टेकवा, मध्ये एक वेफर रोल ठेवा. झालं फुलपाखरू! बाहेरच्या सरळ कडांना छोटी खाच दिली की पंख उठून दिसतात.

केक आदल्या दिवशीच भाजा. ताज्याला सुरी लावली की भुगा होतो. क्रीमचा पहिला हात पातळ, अर्धा तास फ्रीजमध्ये, मग दुसरा. मे महिन्यातला वाढदिवस असेल तर पोरं जमल्यावरच बाहेर काढा.

आणि करायचा तो बिनअंड्याचाच, कंडेन्स्ड मिल्क घालून. आपल्या बिल्डिंगमधलं एखादं पोर नुसती डिश धरून उभं राहतं ना, ते बघवत नाही.

जेम्सच्या गोळ्या मात्र ज्याचा वाढदिवस त्यालाच लावू द्या. निम्म्या पोटात जातील, त्या हिशेबाने आणा.