लेगोसचे 'झीक'

आज ओळख करून घेऊ नायजेरियाच्या एका लढाऊ संपादकाची. न्नामडी अझिकिवे त्यांचं नाव. लोक त्यांना 'झीक' म्हणत. १९३७ साली त्यांनी लेगोसमध्ये 'वेस्ट आफ्रिकन पायलट' हे दैनिक काढलं. त्यातल्या 'इनसाइड स्टफ' या सदरातून ते ब्रिटिश राजवटीला रोखठोक जाब विचारत. १९४५ मध्ये महागाईनं गांजलेले रेल्वे आणि इतर सरकारी कामगार संपावर गेले. 'पायलट'नं त्यांची बाजू उचलून धरली आणि सरकारनं या दैनिकावर काही काळ बंदी घातली.

१ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. १९६३ मध्ये प्रजासत्ताक आलं आणि झीक पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पण पद नामधारी होतं, कारभार पंतप्रधानांच्या हाती. मोठे पक्ष प्रदेशाप्रदेशांत वाटले गेले होते. जनगणनेच्या आकड्यांवरून भांडण पेटलं, कारण त्यांवरच संसदेतल्या जागा ठरणार होत्या. १९६४ची निवडणूकही वादात सापडली. जानेवारी १९६६ मध्ये लष्करी उठाव झाला आणि लोकनियुक्त सरकार गेलं. पाठोपाठ पूर्वेकडचा प्रदेश बियाफ्रा या नावानं देशातून फुटला आणि १९६७ ते १९७० या काळात यादवी युद्ध झालं. त्यात लाखो माणसं दगावली, कितीतरी मुलं उपासमारीनं गेली.

श्रोतेहो, परकी सत्ता गेली तरी जाब विचारायचं काम संपत नाही. आपलं सरकार आलं की ते अधिक नेटानं करावं लागतं. नायजेरियाचा इतिहास आपल्याला हेच सांगतो.