हळदीच्या जात्याला तिचाही हात लागू द्या

(ग्रामसंघाच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

ताई, काकू, मावशी आणि पुढं बसलेल्या सगळ्या आज्ज्यांनो,

आज मी हप्ते, बँक लिंकेज, रजिस्टर यावर बोलणार नाही. आज गाण्यावर बोलते. तुम्ही म्हणाल, गटाच्या मेळाव्यात गाण्याचं काय काम? काम आहे. ते शेवटी सांगते.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नातली गोष्ट. अंगणात जातं मांडलं, त्याला हळदीकुंकू लावलं, पाच सुवासिनी हळद दळायला बसल्या. एकीनं ओवी सुरू केली, दोन ओव्या झाल्या आणि पुढचं कुणालाच आठवेना. तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून बारीक आवाजात पुढची ओळ आली. ती माझी आजी होती. बायांनी ती ओळ उचलली, जातं परत फिरलं. पुन्हा अडलं, पुन्हा आजीनं भिंतीजवळूनच सांगितलं. ती पुढं आली नाही, कारण ती विधवा होती. जात्याला तिचा हात चालत नव्हता, पण तिच्या ओव्यांशिवाय जातं चालत नव्हतं.

माझ्या हातात मोबाईल होता. मी हळदीचे शंभर फोटो काढले, आजीचा आवाज मात्र एकदाही रेकॉर्ड केला नाही. आज आजी नाही, ओव्याही नाहीत. त्या दिवशी तिला पुढं बसवा असंही मी म्हणाले नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली पोरगी, पण तोंड उघडलं नाही. ही चूक माझी आहे, म्हणून आज बोलते.

आता एक नाव सांगते, बहिणाबाई चौधरी. जन्म 1880, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीच्या आसपास नवरा गेला, लेकरं पदरात. शेतात राबताना, दळताना, चुलीपाशी त्या गाणी रचत गेल्या. कपाळावर कुंकू राहिलं नाही, गोंदण राहिलं, त्यावर त्यांनी गाणं केलं. माझा हात बघू नको, माझं नशीब मला कळतं, अशा अर्थाचं गाणं त्यांनी ज्योतिषाला ऐकवलं. रडणं होतंच त्यात, पण रडून झाल्यावर उभं राहणंही होतं.

त्यांची काही गाणी मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी कागदावर उतरवली, म्हणून वाचली. बहिणाबाई 1951 साली वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. बोलीभाषा बदलली नाही, होती तशीच ठेवली. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. पाटी हातात न धरलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला! विचार करा, तुझा हात अशुभ आहे, तू गाऊ नको, असं म्हणून त्यांना कुणी गप्प केलं असतं तर?

आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात तर तुमच्यातल्या कितीतरी जणींनी मोबाईलवर पाहिल्या असतील. वडील एकतारीवर गायचे. नवरा गेल्यावर त्याच एकतारीवर बाबासाहेबांची गाणी गात त्यांनी लेकरं वाढवली. दुःख स्वतःचं, एकतारीचा वारसा वडिलांचा, धीर बाबासाहेबांच्या विचाराचा. या तिन्हीतून त्यांचं गाणं उभं राहिलं.

आणि ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, त्या तुमच्या-माझ्या आया? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ हे दोघं अभ्यासक सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरले आणि बायांच्या तोंडून 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही ओव्या त्यात आहेत. 2017 पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येतात. मोबाईलवर फुकट ऐकता येतात.

या ओव्या ऐकल्या की एक गोष्ट लक्षात येते. पहिली ओळ बहुतेक जुनी असते, आईकडून, सासूकडून आलेली. दुसऱ्या ओळीत बाई आपलं घालते. भाऊ न्यायला आला नाही, लेक सासरी गेली, नवरा दारू पितो, पंढरीला जायचं राहिलं. समोर बसलेली ती ओळ उचलते, आणि एकीचं दुःख दोघींचं होतं. गटाची बैठक यापेक्षा काय वेगळी असते हो? आपला पहिला बचत गट जात्यावरच भरत होता. तिथं बचत शब्दांची होती.

जातं परत आणा असं मी म्हणत नाही. पहाटे चारला उठून दळण्याचे कष्ट गिरणीनं वाचवले, ते बरंच झालं. पण जात्याबरोबर बोलायची जागाही गेली. ती जागा आपल्याला परत करायची आहे.

म्हणून तीन कामं सांगते.

पहिलं. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं राखून ठेवावीत. गावातल्या जुन्या बाईला मानानं बोलवा. तिला विचारून मोबाईलवर ओवी रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोला. मग एका वहीत उतरवा. ती जशी बोलते तसंच लिहा, शुद्ध करत बसू नका.

दुसरं. एक ओवी स्वतःची करा. पहिली ओळ आईची घ्या, दुसरी आजची. पाऊस लांबला, सोयाबीनला भाव नाही, पोरगी पुण्याला शिकायला गेली, काहीही चालेल. कुणी हसणार नाही. हसली तर तिला पुढची ओवी म्हणायला लावू.

तिसरं, आणि हे अवघड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेत असा ठराव मांडायला आपणच उठायचं आहे. पण ठरावानं सगळं होत नाही. खरी परीक्षा हळदीच्या दिवशी आहे. तुमच्या घरी लग्न असेल तेव्हा भिंतीजवळ उभ्या असलेल्या बाईचा हात धरा आणि तिला जात्यापाशी बसवा. पहिल्यांदा कुजबुज होईल. होऊ द्या. ओवी सुरू झाली की कुजबुज बंद पडते.

आपल्या गटांत कितीतरी ताया एकट्यानं संसार ओढतात. त्यांची सही बँकेत चालते, त्यांचा हप्ता वेळेवर येतो, त्यांनी अध्यक्ष म्हणून चालवलेले गट आपण डोळ्यानं पाहतो. मग त्यांचा हात हळदीलाच का चालू नये?

माझी आजी पुढं बसायची राहिली. तुमच्या घरातली अजून भिंतीजवळ उभी आहे. तिला पुढं बोलवा.

एवढंच बोलते. आता पुढं बसलेल्या आज्ज्यांपैकी कोण सुरुवात करतं?